बेसबॉलच्या सामन्याला जाण्यापूर्वीं



उन्हाळ्याच्या दिवसांत पुण्यामुंबईकडचे कितीतरी आईबाप हल्लीं अमेरिकेंत मुलाबाळांकडे राहावयास जातात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचा जो काळ या मुक्कामास सोयीचा, तोच तिकडील बेसबॉलचाही हंगाम. त्यामुळें एखाद्या दिवशीं नातवंडें हट्ट धरतात, "आजोबा, आजी, आज सामन्याला चला." तिकिटें आधींच काढलेलीं असतात आणि नाहीं म्हणवत नाहीं. मग होतें काय? ज्यांनीं आयुष्यभर क्रिकेट पाहिलें, ते आजोबा पहिल्या पंधरा मिनिटांत ठरवून टाकतात कीं हें बिघडलेलें क्रिकेट आहे. चेंडू टप्पा घेत नाहीं, फलंदाजाचा दांडा बहुतेक वेळां हवेंतच फिरतो आणि तासाभरांत एखाददुसरी धांव निघते. आजोबांना जांभई येते, आणि शेजारच्या नातवाला वाटतें कीं आपल्या आवडीची यांना पर्वा नाहीं. एक संध्याकाळ फुकट गेली, एवढ्यावर हें नुकसान थांबत नाहीं. दोन पिढ्यांना बरोबरीनें बोलतां येईल असे विषय मुळांतच थोडे. त्यांतला एक हातचा जातो. आणि तो वाचविण्यास लागणारें ज्ञान तर फार थोडें आहे.

प्रथम सामना कोणता, हें पाहावें. अमेरिकेंतील मुख्य लीगचे संघ तीस. त्यांच्या हाताखालीं उमेदवार खेळाडूंना तयार करणारे १२० संघ चार पायऱ्यांवर खेळतात, आणि ते बहुधा लहान शहरांत असतात. मुलाच्या घरापासून गाडीनें थोडक्या वेळांत गांठतां येणारा सामना अनेकदां याच संघांचा असतो. उदाहरणार्थ, नॉर्थ कॅरोलायनामधील डरहॅम घ्या. एके काळीं तंबाखूच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या परिसरांत आज विद्यापीठें व संशोधनसंस्था यांमुळें मराठी कुटुंबेंही राहतात. तेथील 'डरहॅम बुल्स' संघाचा आरंभ १९०२ मधला. सध्यांचें मैदान १९९५ सालीं सुरू झालें आणि त्यांत सुमारें दहा हजार लोक बसूं शकतात. डाव्या बाजूस बत्तीस फूट उंचीची निळी भिंत आहे व तिच्यावर एक मोठा लांकडी बैल उभा आहे. यजमान संघाच्या गड्यानें होम रन मारला कीं त्याचे डोळे पेटतात, शेपटी हालते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. चेंडू नेमका बैलाला लागला तर मारणाऱ्याला स्टेकची मेजवानी आणि पायाखालच्या गवताला लागला तर कोशिंबीर, असें त्या पाटीवर लिहिलेलें आहे. हा बैल १९८८ च्या 'बुल डरहॅम' या चित्रपटामुळें आला. एवढी कथा जाणाऱ्यास ठाऊक असली, तरी नातवाशीं बोलण्यास आरंभ झाला.

आतां खेळाकडे वळूं. मैदान उघडलेल्या पंख्यासारखें असतें. पंख्याच्या मुठीपाशीं 'होम' म्हणजे घर. तेथें फलंदाज उभा राहतो. घरापासून शंकरपाळ्याच्या आकारानें तीन बेस मांडलेले असतात व प्रत्येक दोहोंमध्यें ९० फुटांचें अंतर असतें. पहिला, दुसरा व तिसरा बेस गांठून जो घरीं परत येतो, त्याची एक धांव. मध्यभागीं उंचवट्यावर पिचर उभा असतो. त्याचें घरापासून अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षां किंचित् कमी. प्रत्येक बाजूस नऊ गडी. प्रत्येक डावांत तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलते. असे नऊ डाव. बरोबरी झाली तर जादा डाव खेळावयाचे, कारण येथें बरोबरीवर निकाल ठेवण्याची चाल नाहीं.

घरापासून दोन पांढऱ्या रेषा पंख्याच्या दोन्ही कडांनीं जातात. त्यांच्या आंत पडलेला चेंडू तोच खरा. बाहेर गेलेला तो 'फाउल'. रणजितसिंहांनीं पायांच्या बाजूस हलकेच वळविलेला जो फटका क्रिकेटमध्यें अजरामर केला, त्याला येथें कवडीची किंमत नाहीं. शिवाय चेंडू रेषांच्या आंत गेला कीं फलंदाजानें धांवलेंच पाहिजे. "नको, हा चेंडू सोडून देऊं" असें त्याला क्रिकेटमधल्याप्रमाणें म्हणतां येत नाहीं.

गडी बाद होतो तो मुख्यतः चार रीतींनीं. तीन स्ट्राइक झाल्या तर. मारलेला चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वीं झेलला गेला तर, आणि येथें विटीदांडूची आठवण होईल. धांवणारा बेसवर पोहोंचण्यापूर्वीं चेंडू हातांत असलेल्या क्षेत्ररक्षकानें त्या बेसला पाय लावला तर. आणि चेंडू हातांत घेऊन धांवणाऱ्याला शिवलें तर. तिसरी रीत केवळ तेव्हां लागू पडते, जेव्हां मागून दुसरा गडी येत असल्यामुळें किंवा स्वतःच चेंडू मारल्यामुळें धांवणाऱ्यास पुढें जाणें भाग असतें. इतर वेळीं शिवावेंच लागतें.

परंतु हे सारे नियम पाठ केले तरी खेळ दिसूं लागेलच असें नाहीं. त्याची किल्ली निराळी आहे. ती म्हणजे प्रत्येक चेंडू सुटण्यापूर्वीं फलकावरील आकडा पाहणें. घराच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक अदृश्य चौकट मानलेली आहे. चौकटींतून गेलेला चेंडू फलंदाजानें सोडला, किंवा कोणताही चेंडू मारावयास जाऊन तो चुकला, कीं एक स्ट्राइक. चौकटीबाहेरचा चेंडू त्यानें सोडला, कीं एक 'बॉल'. तीन स्ट्राइकला बाद. चार बॉल झाले कीं पहिला बेस फुकट. फाउल गेलेला चेंडू पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत मोजतात. त्यापुढें फलंदाज कितीही फाउल मारून तग धरूं शकतो. फलकावर बॉल आधीं व स्ट्राइक नंतर लिहितात.

या दोन आकड्यांत सारें नाट्य भरलेलें आहे. शून्य-दोन असेल तर फलंदाज कोंडींत सांपडलेला असतो. पिचर त्याला मोहांत पाडण्यासाठीं चौकटीच्या किंचित् बाहेर चेंडू टाकील. तीन-शून्य असेल तर फांस पिचरच्या गळ्यांत. त्याला चेंडू आंतच टाकला पाहिजे. आणि तीन-दोन झालें, म्हणजे पुढच्या चेंडूवर कांहीं ना कांहीं घडण्याचा संभव दाट. अशा वेळीं दोन गडी बाद असून पहिल्या बेसवर धांवणारा उभा असला, तर पिचरचा हात हालतांच तो पळत सुटतो. ज्याला आकडा ठाऊक आहे त्याचा श्वास येथें रोखला जातो. ज्याला ठाऊक नाहीं त्याला एक मनुष्य दुसऱ्याकडे चेंडू टाकतांना दिसतो. ताशीं १५० किलोमीटरच्या वेगानें आलेला चेंडू घरापर्यंत पोहोंचण्यास अर्धा सेकंदही घेत नाहीं. म्हणून चेंडू सुटल्यावर पाहण्यासारखें फारसें उरत नाहीं. पाहावयाचें तें आधीं. १९३२ सालीं अमेरिकेच्या दौऱ्यावर असतांना डॉन ब्रॅडमन यांनींही न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलचा सामना पाहिला व बेब रूथ यांची भेट घेतली होती. क्रिकेटची रुची असणाऱ्यानें या खेळाकडे पाठ फिरविण्याचें कारण नाहीं.

चौकटीविषयीं अंपायरचा निर्णय पूर्वीं अंतिम असे. अलीकडे डरहॅमचा संघ ज्या 'ट्रिपल-ए' पायरीवर आहे, तेथें खेळाडू डोक्यावरील टोपीला हात लावून निर्णयाविरुद्ध दाद मागूं शकतो. मग यंत्रानें टिपलेला चेंडूचा मार्ग पडद्यावर दाखवितात. २०२६ च्या हंगामापासून मुख्य लीगमध्यें हीच सोय करण्याचें २०२५ मध्यें ठरलें. म्हणून टोपीवर हात गेलेला दिसला कीं पडद्याकडे पाहावें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती करमणुकीची नव्हे. फाउल चेंडू प्रेक्षकांत येतो. क्रिकेटमध्यें सीमेबाहेर येणारा चेंडू बहुधा दुरून, दिसत येतो. बेसबॉलचा फाउल जवळच्या बांकांवर निमिषार्धांत येऊन आदळतो. चेंडूचें वजन सुमारें १४५ ग्रॅम आणि तो दगडासारखा टणक. २०१८ मध्यें लॉस एंजलिसच्या मैदानावर जाळीच्या वरून आलेल्या अशा चेंडूनें एका वृद्ध महिलेच्या डोक्यास आघात झाला व कांहीं दिवसांनीं त्यांचा मृत्यु झाला. दुसऱ्या वर्षीं ह्यूस्टन येथें एक लहान मुलगी जखमी झाली. त्यानंतर २०१९ च्या अखेरीस मुख्य लीगनें तीसही मैदानांवर जाळी पुढें वाढविण्याचें जाहीर केलें. लहान मैदानांवरही जाळ्या लांबविल्या गेल्या. तरी जाळी सर्वत्र नसते व ती वरून उघडी असते. लहान मूल किंवा वृद्ध मनुष्य बरोबर असेल तर तिकिट काढतांनाच जाळीमागची जागा मागावी. ती न मिळाल्यास पिचरनें हात उचलला कीं बोलणें थांबवावें, हातांतील फोन खालीं ठेवावा आणि चेंडूकडे पाहावें. मुलाला खाऊ द्यावयाचा तो दोन डावांच्या मध्यें. जें लक्ष खेळांत गोडी आणतें, तेंच लक्ष डोकें वाचवितें. आलेला फाउल चेंडू ज्याच्या हातीं लागला त्याचा. पण जवळ एखादें लहान मूल असेल तर तो त्याला देण्याची रीत तिकडे फार सुंदर आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी. या पायरीवरील संघ बहुधा मंगळवारपासून रविवारपर्यंत एकाच पाहुण्या संघाशीं सहा सामने खेळतात. सोमवारीं सहसा सुटी असते. पिचरला चेंडू टाकण्यासाठीं घड्याळाची मर्यादा घातल्यापासून सामने आंखूड झाले आहेत. मुख्य लीगमध्यें ती २०२३ मध्यें आली, आणि आधींच्या वर्षीं सरासरी तीन तास चार मिनिटें चालणारा सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. पिशवी किती मोठी चालते, बाहेरचें खाणें नेतां येतें काय, रोख पैसे घेतात कीं नाहीं, हे नियम प्रत्येक मैदानाचे निराळे. घरून निघण्यापूर्वीं विचारून घ्यावे. हॉट डॉग हा मांसाचा असतो, हें शाकाहारी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. त्यांना सालासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आहेत. टरफलें पायाखालीं टाकण्यास तेथें कोणी नांवें ठेवीत नाहीं. आरंभीं राष्ट्रगीताला सर्वांबरोबर उभें राहावें, व सातव्या डावाच्या मध्यें सारे प्रेक्षक उठून अंग मोकळें करतात व गाणें म्हणतात, तेव्हां तर उठावेंच, गुडघ्यांनाही बरें.

शेवटीं खेळाडूंविषयीं. बेसबॉलमध्यें दहा वेळां मारावयास उभा राहून जो तीनदां यशस्वी होतो, तो उत्तम फलंदाज गणला जातो. १९४१ सालीं टेड विल्यम्स यांनीं हजारीं ४०६ अशी सरासरी गांठली व तिची कीर्ति आजही आहे. तरी त्याही वर्षीं दहांपैकीं जवळजवळ सहा वेळां ते रिकाम्या हातीं परतलेच. डरहॅमसारख्या मैदानावर दिसणारे तरुण मुख्य लीगपासून एकाच पायरीवर असतात. कांहीं पुढल्या आठवड्यांत वर जातील, कांहीं वरून खालीं आलेले असतील, आणि कित्येकांना तो दरवाजा कधींच उघडणार नाहीं. ज्या इंटरनॅशनल लीगमध्यें आज डरहॅमचा संघ खेळतो, तिच्यांतच १९४६ सालीं माँट्रियलच्या संघाकडून जॅकी रॉबिन्सन खेळले. त्यानंतर १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या संघांतून ते मुख्य लीगमध्यें उतरले आणि काळ्या खेळाडूंना अनेक दशकें बंद असलेलें दार उघडलें. त्यांचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून मुख्य लीगच्या सर्व संघांनीं कायमचा राखून ठेवला आहे. लहान मैदानावरील खेळ लहान असतोच असें नाहीं, हें यावरून दिसेल.

तेव्हां तीन स्ट्राइकनें बाद होऊन मान खालीं घालून परतणाऱ्या तरुणाला हंसूं नये. पुढचा गडी उभा राहीपर्यंत शेजारच्या मुलाला विचारावें, "आतां आकडा किती?" तो सांगेल. मग त्यालाच विचारावें, "तूं पिचर असतास तर पुढला चेंडू कोठें टाकला असतास?" एवढ्या दोन प्रश्नांवर नऊ डाव सहज निघून जातात.