वर्दीतला न्याय : निर्णय कोण घेतं?

(महिला संघटनांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय 'लष्करी न्यायव्यवस्था आणि कायद्यातील सुधारणा' असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, "ताई, दारूवर बोला, रेशनवर बोला. लष्कराचा कायदा आम्हाला कुठं लागतो?" त्यांच्या शेजारी दुसऱ्या एक जणी होत्या, त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पण पत्रक घडी करून त्यांनी पिशवीत टाकलं, ते मी पाहिलं. या दोघींना समोर ठेवूनच मी बोलणार आहे.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, कारण तिथं घरटी माणूस फौजेत. माझा एक चुलताही सुभेदार होऊन परत आला. तेव्हा फौजी माणूस म्हणजे कोणी परका, असं मानून मी इथं आलेली नाही.

सुरुवात आपल्या घरापासून करते. २६ मार्च १९७२. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच दोन पोलिसांनी बलात्कार केला. नागपूरच्या उच्च न्यायालयात शिक्षा झाली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरड केली नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि मग ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. आपल्यापैकी काही जणी त्या मोर्च्यांत होत्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरला. हे आपण मिळवलं.

पण तेव्हा आपण खाकी वर्दीपाशी थांबलो. हिरव्या वर्दीसाठी कायद्याचं दुसरंच दालन आहे, तिथं आपण शिरलोच नाही.

ते दालन किती बंद आहे, हे मणिपूरच्या बायकांनी दाखवलं. जुलै २००४ मध्ये थांगजाम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी रात्री घरातून उचललं. सकाळी तिचं प्रेत सापडलं. १५ जुलैला इंफाळमध्ये कांगला किल्ल्याच्या दारात बारा आया वस्त्रं उतरवून उभ्या राहिल्या. तिथंच आसाम रायफल्सचं मुख्यालय होतं. त्यांच्या हातातल्या फलकावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मी उच्चारत नाही. त्या बायका कॉलेजातल्या मुली नव्हत्या. नातवंडं असलेल्या, बाजारात बसणाऱ्या बायका होत्या. त्यानंतर किल्ला लष्करानं सोडला, चौकशी आयोग बसला. आयोगाचा अहवाल दहा वर्षं बंद राहिला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शिक्षा आजवर कोणालाही झालेली नाही.

का झाली नाही? माणसं वाईट म्हणून, एवढं म्हणून भागत नाही. कायदा काय म्हणतो ते पाहू या. जरा किचकट आहे, पण रेशनकार्डाचे नियमही किचकटच असतात, आणि ते आपल्याला तोंडपाठ आहेत.

१९५० चा लष्कर कायदा घ्या. त्याचं कलम ७० वाचलं की पहिल्यांदा बरं वाटतं. फौजेबाहेरच्या माणसाचा खून किंवा बाईवर बलात्कार केला, तर त्या सैनिकावर लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्ट मार्शलमध्ये, खटला चालणार नाही. तो साध्या फौजदारी कोर्टात चालेल. वा! पण पुढं तीन अपवाद आहेत. गुन्हा भारताबाहेर झाला तर. सरकारनं ठरवलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर झाला तर. आणि सैनिक 'प्रत्यक्ष सेवेवर' असला तर. हा शेवटचा अपवाद लक्षात ठेवा. एखाद्या भागात प्रत्यक्ष सेवा चालू आहे असं समजावं, हे केंद्र सरकार नुसत्या अधिसूचनेनं ठरवू शकतं. म्हणजे जिथं फौज गावागावांत, घराघरांत शिरते, आणि जिथं बाईला धोका सर्वांत जास्त, नेमका तिथंच नियम बाजूला ठेवता येतो.

मग खटला कुठं चालवायचा हे कोण ठरवतं? कलम १२५ म्हणतं, तो निर्णय ब्रिगेड किंवा त्याहून मोठ्या तुकडीच्या लष्करी प्रमुखाचा. फौजदारी कोर्टाला पटलं नाही तर ते नोटीस काढू शकतं, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द केंद्र सरकारचा. यात तक्रार करणारी बाई कुठं आहे? ती कुठंच नाही. तिला कोणी विचारायचं नाही, तिला कारण सांगायचं नाही.

याचा अनुभव पाथ्रीबलच्या लोकांनी घेतला. मार्च २००० मध्ये काश्मीरमध्ये तिथं पाच गावकरी मारले गेले. सीबीआयनं तपास केला आणि लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०१२ मध्ये न्यायालयानं लष्कराला सांगितलं, कोर्ट मार्शल करायचं की फौजदारी कोर्टात जायचं ते तुम्ही आठ आठवड्यांत ठरवा. लष्करानं प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून बंद केलं. खटलाच उभा राहिला नाही. ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच घरात निवाडा. आपल्याकडे भावकीच्या पंचायतीत असंच होतं आणि आपण त्याविरुद्ध कंठशोष करतो.

आणखी एक कलम सांगते, कारण मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. कलम १२२. कोर्ट मार्शल करायचं तर तीन वर्षांच्या आत करायचं, नंतर नाही. याला अपवाद आहेत : बंड, पलायन आणि खोटं सांगून भरती होणं. या गुन्ह्यांना तीन वर्षांची अट नाही. बलात्काराला मात्र आहे! साध्या कायद्यात बलात्काराला अशी कोणतीही मुदत नाही. फौजेतून पळून गेलेल्याला विसरायचं नाही, पण बाईनं तीन वर्षांत तोंड उघडलं नाही तर ते मिटलं. सैनिकांची छावणी समोर असताना कोणती बाई तीन वर्षांत तोंड उघडते?

लष्कराला बाईच्या अब्रूची पर्वा नाही असं मात्र समजू नका. हाताखालच्या किंवा बरोबरीच्या अधिकाऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर कारवाई होते. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली त्याची भाषा अशी, की 'बंधू अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरलं'. बायको म्हणजे चोरीला जाणारी वस्तू! २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं कलम रद्द केलं, तेव्हा सरकार धावत न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या निकालाचा लष्करी कायद्यांशी संबंध नाही असा खुलासा मिळवून आलं. एवढी तत्परता.

या सगळ्यावर आणखी एक कुलूप आहे, सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं. १९५८ चा ईशान्येसाठी, १९९० चा जम्मू-काश्मीरसाठी. केंद्राच्या परवानगीशिवाय सैनिकावर खटला भरता येत नाही. परवानगी किती मिळते? जानेवारी २०१८ मध्ये सरकारनंच राज्यसभेत सांगितलं : जम्मू-काश्मीर सरकारनं ५० प्रकरणांत परवानगी मागितली, ४७ मध्ये नाकारली, ३ प्रलंबित.

दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की सैनिकांकडून होणारा लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखाली आणा, आणि त्यासाठी परवानगीची अट काढा. सरकारनं काय केलं? तैनात असलेल्या सैनिकानं केलेला बलात्कार हा गंभीर प्रकारात घातला, कमीत कमी दहा वर्षं शिक्षा ठेवली. सरकारी नोकरांवर अशा गुन्ह्यांत खटल्यासाठी परवानगी लागणार नाही, असंही फौजदारी प्रक्रियेत घातलं. पण विशेषाधिकार कायद्यातली परवानगी तशीच राहिली, आणि लष्कर कायद्याला हातही लागला नाही. म्हणजे शिक्षा वाढवली आणि कोर्टाचं दार बंद ठेवलं. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, दार तिथंच आहे.

आता पिशवीत पत्रक टाकणाऱ्या बाईंकडे येते. तुमचा मुलगा जवान आहे ना? त्याच्यासाठी 'समरी कोर्ट मार्शल' नावाचा प्रकार आहे. त्यात त्याचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. सुभेदारापेक्षा, खरं तर नायब सुभेदारापेक्षा खालच्या माणसावर तो खटला चालवू शकतो आणि लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर वर्षभर तुरुंगात धाडू शकतो. एरवी कोर्ट मार्शलचा निकाल वरच्यानं कायम करावा लागतो, इथं तेही नाही. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, तेव्हा कुठं फौजी माणसाला दाद मागायची जागा मिळाली. ते न्यायाधिकरणही गणवेशातल्या माणसासाठीच, गावातल्या बाईसाठी नाही. मुद्दा असा, की तुमच्या मुलाला बिनतक्रार आत टाकणारा अधिकार आणि त्या बाईची तक्रार दाबणारा अधिकार एकच आहे. आपण जवानाच्या विरोधात कायदा मागत नाही.

आणि आता मुलीही आत आहेत. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्या कितीतरी जणींनी पेढे वाटले. पण गणवेशातल्या मुलीवर गणवेशातल्याच माणसानं अत्याचार केला तर कलम ७० तिला मिळत नाही, कारण ते फौजेबाहेरच्यांसाठी आहे. तिच्या बाबतीत शांततेच्या काळातही, अगदी पुण्याच्या छावणीतसुद्धा, कोर्ट मार्शलचा रस्ता उघडा, आणि कुठं जायचं ते पुन्हा साहेबच ठरवणार.

अमेरिकेत हाच झगडा दहा वर्षं चालला. तिथं कमांडर ठरवायचा, खटला भरायचा की नाही. कर्स्टन जिलिब्रँड या सिनेटर बाईंनी हा अधिकार काढून घ्यायचं विधेयक आणलं. मार्च २०१४ मध्ये ५५ मतं बाजूनं पडली, ४५ विरोधात, आणि तरी ते पडलं, कारण पुढं जायला ६० लागत होती. २०२० मध्ये फोर्ट हूड छावणीत व्हेनेसा गिलेन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा खून झाला. आपला छळ होतो हे तिनं घरी सांगितलं होतं, वर सांगायची तिला भीती वाटत होती. तिच्या आईनं आणि बहिणींनी देश हलवला. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला आणि २८ डिसेंबर २०२३ पासून बलात्कार, खून, घरगुती हिंसा अशा गुन्ह्यांत खटल्याचा निर्णय कमांडरच्या हाताखाली नसलेले वकील घेतात. खटला अजून लष्करी न्यायालयातच चालतो, म्हणून सगळं मिळालं असं नाही. पण 'शिस्त मोडेल' ही ओरड तिथंही होती, आणि त्या फौजेची शिस्त मोडल्याचं काही दिसलं नाही.

आपली संसदही लष्करी कायदा उघडते, हवं असलं की. तिन्ही दलांच्या एकत्रित तुकड्यांच्या कमांडरला शिस्तीचे अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. आयांच्या वेदनेसाठी मात्र वेळ मिळाला नाही. मणिपूरच्या विधवांनी आणि आयांनी स्वतः १५२८ मृत्यूंची यादी घेऊन सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, आणि जुलै २०१६ मध्ये न्यायालयाकडून वदवून घेतलं की फौजेला गुन्ह्यापासून सरसकट संरक्षण नाही. न्यायालय म्हणालं, पण कायद्याचं पुस्तक तसंच आहे.

म्हणून आपण चार गोष्टींचा ठराव तयार केला आहे. कलम ७० मधले अपवाद खून आणि बलात्काराला लागू होऊ नयेत. गणवेशातल्या मुलीलाही तोच हक्क असावा, म्हणजे कलम १२५ ची निवड साहेबांकडे राहू नये. कलम १२२ ची मुदत या गुन्ह्यांना नसावी. लैंगिक गुन्ह्यांत केंद्राच्या परवानगीची अट जावी. खासदारांना तो देताना घोषणा देऊ नका, त्यांना कलम १२२ वाचून दाखवा आणि गप्प राहा. मी एकदा तसं केलं आहे. समोरच्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे खरंच असं आहे?"

ठरावाच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. सहीपुढं गावाचं नाव लिहा. ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांनी तेही लिहा.