पांढरकवड्यावरून जाणारा रस्ता : एकदा शेवटपर्यंत जाऊन या
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वडकी, करंजी, पांढरकवडा आणि पाटणबोरी या गावांवरून जो मोठा रस्ता जातो, त्याला आपण अजूनही 'हैदराबाद रोड' म्हणतो. सरकारी कागदावर पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता; वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा देशातला सर्वांत लांब महामार्ग. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. तेव्हापासून हा रस्ता ४४ क्रमांकाचा झाला आणि श्रीनगर ते कन्याकुमारी अशी त्याची हद्द ठरली. कापसाची गाडी घेऊन याच रस्त्याने तुम्ही जिनिंगला जाता. धाब्यावर तामिळनाडूच्या नंबरचे ट्रक उभे असतात. ते पाहून 'एकदा या रस्त्याने शेवटपर्यंत जायचे' असे तुमच्यापैकी अनेकांनी तरुणपणी ठरवलेले आहे. मग विहीर आली, मुलीचे लग्न आले, दोन वर्षे पाऊस गेला आणि बेत मागे पडला. आज मी त्या बेताविषयीच बोलणार आहे. पऱ्हाटीच्या फवारणीवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलणे झाले आहे आणि पुढेही होईल.

'शेतकऱ्याला कसली आली सहल' असे काही जण म्हणतील. त्यांना डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांची आठवण द्यावी. त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. शेतकऱ्याने आपले शिवार सोडून दुसऱ्याचे शिवार पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाची शिवारफेरी हे त्याचेच लहान रूप आहे. मी सांगतो आहे ती फेरी जरा लांबची, जाताना सुमारे १६०० कि.मी. आणि येताना तेवढीच.

पहिला प्रश्न वेळेचा. आपल्या कोरडवाहू शेतीत मोकळे दिवस दोनदाच मिळतात. उन्हाळ्यातले दिवस प्रवासाला वाईट आणि वाटेवरची शेतेही तेव्हा उघडी असतात. दुसरे दिवस मिळतात ते कापसाची शेवटची वेचणी होऊन तूर खळ्यावरून घरी आल्यानंतर, म्हणजे संक्रांत ते महाशिवरात्र या काळात. ओलिताचा गहू-हरभरा असेल तर एक पाणी भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे सोपवावे लागेल. जागलीलाही कोणीतरी हवे, कारण रानडुकरे तुमच्या परतण्याची वाट पाहणार नाहीत. म्हणून एका घरातील दोन्ही कर्ते पुरुष एकाच वेळी जाऊ नयेत. गावातील पाच-सहा घरांतून एकेक जण निवडावा. बारा दिवस पुरतात. रोज अडीचशे-तीनशे कि.मी. अंतर कापावे आणि रात्री गाडी चालवू नये.

पाटणबोरी सोडून पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होते. आदिलाबादपर्यंत माती आपलीच, कपाशी आपलीच आणि बाजारात मराठीही चालते. निर्मळ सोडल्यावर सोनजवळ गोदावरीचा पूल लागतो. वरच्या अंगाला पोचमपाड येथे श्रीरामसागर धरण आहे. त्याची कोनशिला पंडित नेहरूंनी १९६३ मध्ये बसवली. पैठण-नांदेडहून आलेले पाणी इथे अडते. आपल्या पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा आणि प्राणहितेतून फिरून खूप खाली या नदीला मिळते. पुढे आर्मूर-निजामाबाद हा हळदीचा मुलूख आहे. या दिवसांत तेथे हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे चालू असते. उमरखेड-महागाव भागातील शेतकऱ्यांनी पहिला मुक्काम इथेच करावा. आपण आणि ते काय वेगळे करतो हे कढईपाशी उभे राहून पाहावे, नुसते ऐकून कळत नाही.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून काम करते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही तिची पिके. तुमच्याकडे वर्षानुवर्षे पेरली गेलेली 'आशा' तूर, म्हणजे आयसीपीएल ८७११९, येथूनच १९९३ मध्ये बाहेर पडली. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना ती दाद देत नव्हती म्हणून टिकली. मर रोगासाठी मुद्दाम राखलेल्या जमिनीत एका ओळीतली तूर उभी आणि शेजारच्या ओळीतली वाळलेली दिसते. ते पाहिल्यावर प्रतिकारक वाण कशाला म्हणतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. येथे अगोदर परवानगी घेतल्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

यापुढचे ठिकाण यवतमाळच्या माणसाने चुकवूच नये. कृष्णा नदी बीचुपल्लीला ओलांडली की उजवीकडे गदवाल आहे. जून महिन्यात तुम्ही रांगेत उभे राहून जी संकरित कपाशीची पाकिटे घेता, त्यांतील बरेचसे बियाणे याच भागात आणि पलीकडे कर्नूल-नंद्याळकडे तयार होते. संकर कपाशीची सुरुवात १९७० मध्ये सुरतच्या 'एच-४' वाणाने झाली. २००२ मध्ये बीटी आली. तरी बीज करण्याची पद्धत हाताचीच राहिली. मादी ओळीतील प्रत्येक कळीचे पुंकेसर संध्याकाळच्या आत नखाने काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतील फूल आणून तिच्यावर पराग घासायचे. एका बोंडातून साधारण पंचवीस-तीस सरक्या मिळतात. आता पाकिटातल्या सरक्यांचा हिशेब करा, म्हणजे त्यामागे किती सकाळी गेल्या ते कळेल. हे काम मुख्यतः बाया करतात. पूर्वी लहान मुलींनाही त्यात जुंपले जाई आणि त्यावर देशभर योग्य ती टीका झाली. फेब्रुवारीत संकराचे काम दिसणार नाही. ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालते आणि तेव्हा आपण पंप पाठीवर घेऊन हिंडत असतो. पण शेतकरी भेटतो. बीज-उत्पादकाला कंपनी किलोला काय देते, माल नापास झाला तर तोटा कोणाचा, हे त्याला विचारा. आपण पाकिटाला दिलेल्या किमतीशी त्याचे उत्तर ताडून पाहा. या विषयावर मी येथे आणखी बोलत नाही, त्याच्या तोंडून ऐकलेले बरे.

कर्नूलला तुंगभद्रा आणि पामिडीला पेन्ना ओलांडल्यावर अनंतपूर येते. आपल्याकडे सरासरी ९०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, अनंतपूरला साडेपाचशे. लाल, उथळ, दगडगोट्यांची जमीन आणि मैलोन्‌मैल भुईमुगाची उघडी रिकामी शेते. गेल्या पंचवीस वर्षांत यवतमाळचे नाव वर्तमानपत्रांत कशासाठी छापले गेले हे मी तुम्हाला सांगायला नको. अनंतपूरचे नावही त्याच कारणाने छापले गेले. नापिकीचा आणि कर्जाचा भार माणूस आपल्या एकट्याच्या नशिबाचा किंवा एकट्याच्या चुकीचा समजतो आणि घरातही बोलत नाही. म्हणून या गावी अर्धा दिवस थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पारावर बसून पावसाचा, बोअरचा आणि सावकाराचा विषय काढा. प्रश्न तुमचेच निघतील. या एका बैठकीने कर्ज फिटत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

चिक्कबळ्ळापूरच्या पुढे द्राक्षे, फुले आणि भाजीपाला दिसू लागतो. ते पाहून हुरळून जाऊ नये. या भागात बारमाही नदी नाही आणि बोअर हजार फुटांच्याही खाली गेलेले आहेत. बंगळूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार भागातील तलावांत सोडण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले, यावरून पाण्याची ओढ समजावी. दरवर्षी नवे बोअर मारणाऱ्यांनी इथे प्रत्येक बागेत एकच प्रश्न विचारावा : पहिले पाणी किती फुटांवर लागले होते आणि आता किती? बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे आवार याच रस्त्यावर आहे. नाचणीवरचे त्यांचे काम पाहण्यासारखे आहे.

होसूर आणि कृष्णगिरीच्या आंब्याच्या बागा मागे टाकल्या की सेलम. आपल्या उपवासाचा साबुदाणा या भागातून येतो. तो झाडाला लागत नाही. टॅपिओका नावाच्या कंदाची साल काढतात, कंद किसून त्याचे दूध गाळतात, खाली बसलेला स्टार्च हलवून हलवून गोळ्या करतात आणि त्या तव्यावर भाजून उन्हात वाळवतात. कारखानदारांनी १९८१ मध्ये सेलमला आपली सहकारी संस्था काढली आणि माल तिच्यामार्फत विकायला सुरुवात केली. कंद ते दाणा हे सगळे एका तालुक्याच्या आत होते. आपली सरकी, तूर आणि सोयाबीन मात्र कच्च्या मालाच्या रूपानेच जिल्ह्याबाहेर जातात. पुढे नामक्कल हे अंड्यांचे गाव आहे. तेथील कोंबड्यांच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची ढेप असते. ही ढेप कोठून येते हेही विचारून पाहावे.

कावेरी आणि मदुराईची वैगई ओलांडून विरुधुनगरच्या पुढे गेलात की गाडी थांबवावी लागेल. कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा काळी माती दिसते! घरापासून सुमारे चौदाशे कि.मी. दूर कोविलपट्टीला भेगाळलेली, पायाला चिकटणारी जमीन आणि तिच्यात कोरडवाहू कपाशी. पाऊस आपल्यापेक्षा कमी आणि तोही परतीचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे वेचणी सुरू होते त्या सुमारास त्यांची पेरणी असते. म्हणून फेब्रुवारीत पीक शेतात उभे मिळते. पावसाच्या आधी कोरड्या मातीत बी टाकण्याची त्यांची पद्धत आपल्या धूळपेरणीसारखी आहे. तेथील संशोधन केंद्र १९०१ पासूनचे आहे. 'करुंगण्णी' नावाची त्यांची देशी कपाशी आपल्या एकेए-७ आणि एकेए-८४०१ या वाणांच्याच जातकुळीतली. हलक्या पावसात, कमी फवारणीत देशी कपाशी परवडते काय, अंतर किती ठेवावे, आखूड धाग्याला गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न आपल्याकडेही पडलेले आहेत. या केंद्रावर पूर्ण दिवस द्यावा. कन्याकुमारीचा एक दिवस कमी झाला तरी चालेल.

कन्याकुमारीला समुद्र पाहावा, त्याबद्दल मी काय सांगणार! विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये उभे राहिले आणि ते उभारणारे एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे, एवढे लक्षात असू द्यावे.

आता खर्च. आडवाटा धरून जाऊन-येऊन ३६०० कि.मी. होतात. जीपसारखी गाडी लिटरला १२ कि.मी. धावली तर ३०० लिटर डिझेल लागेल. सहा जणांत वाटल्यास माणशी ५० लिटर. टोल, मुक्काम आणि जेवण वेगळे. धर्मशाळा आणि साधी लॉज वाटेत मिळतात. या प्रवासासाठी कर्ज काढू नये, पीक कर्जातील पैसा तर मुळीच वापरू नये. सहा जणांनी दोन हंगाम दरमहा ठराविक रक्कम एकत्र ठेवली तर जमते. 'आत्मा' योजनेतून गटांचे अभ्यास दौरे होतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत अर्ज द्यावा. गाडीची कागदपत्रे, विमा आणि फास्टॅग आधी तपासावे. ज्वारीचे पीठ, जवसाची चटणी आणि लहान स्टो बरोबर असावा. चार दिवस भात खाल्ला की भाकरीची आठवण येतेच.

भाषेची काळजी अर्धी घरीच सुटते. झरी-जामणी आणि पाटणबोरीकडच्या कित्येक घरांत तेलुगू येते. असा एक जण गटात घ्यावा. तामिळनाडूत खेड्यात हिंदी चालेल असे धरून चालू नये, तेथे केंद्रातील कर्मचाऱ्यांची मदत मागावी. गटात निदान दोन बाया असाव्यात, असे मी मुद्दाम सुचवतो. वेचणी, निंदण आणि बियाण्याची निवड त्या करतात. गदवालच्या शेतात पुरुषांना न सुचणारे प्रश्न त्या विचारतील आणि तिकडच्या बायाही त्यांच्याशी मोकळेपणी बोलतील.

एक सूचना कडकपणे पाळावी. हळदीचे बेणे, टॅपिओकाच्या कांड्या, सरकी किंवा कोणतेही रोप बरोबर आणू नये. हळदीची कंदकूज बेण्याबरोबर येते, टॅपिओकाचा मोझॅक कांडीबरोबर येतो. टॅपिओकावरचा परदेशी पिठ्या ढेकूण २०२० मध्ये आपल्या देशात केरळात आढळला. असे पाहुणे आपल्याच पिशवीतून गावात शिरतात. आणायची ती वही. तिच्यात प्रत्येक शेताची माती, दोन ओळींतील अंतर, बियाण्याचे प्रमाण, पाणी, मजुरी आणि मिळालेला भाव एवढी सहा खाती असावीत. संध्याकाळी मुक्कामाला पोचताच लिहून काढावे, सकाळपर्यंत दोन गावांची माहिती एकमेकांत मिसळते.

इक्रिसॅट, बंगळूरचे विद्यापीठ आणि कोविलपट्टीचे केंद्र यांना पत्रे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवीत. पत्रात माणसे किती, तारीख कोणती आणि कोणते पीक पाहायचे आहे ते स्पष्ट लिहावे. पत्र इंग्रजीत लिहून हवे असल्यास आपल्या कृषी विज्ञान केंद्रात या, आम्ही लिहून देऊ. कोविलपट्टीला जाताना तुमच्या शेतातील मूठभर कापूस कागदात बांधून न्यावा असे कोणी सुचवले तर नाही म्हणावे. गुलाबी बोंडअळीला आपण फुकट प्रवास घडवू नये. कापसाचा फोटो न्यावा.