दाढ काढायची आहे? मग उद्यावर ढकलू नका

दाढ दुखायला लागली की आपण बायका काय करतो? लवंग दाबून धरतो, मिश्री लावतो, दुकानातून गोळी आणतो. खुरपणी संपू दे, पोरांची परीक्षा होऊ दे, मग बघू म्हणतो. असं करता करता एक दिवस गाल सुजून येतो.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणी दाढेनं बेजार होत्या. डॉक्टरांकडे का जात नाही, तर कारणं दोनच निघाली: भीती आणि पैसा.

आधी भीतीचं बोलू. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. दाताची नस वेगळी, नजरेची नस वेगळी. इंजेक्शननं हिरडी बधिर करतात, मगच दाढ काढतात. दाबल्यासारखं, ओढल्यासारखं कळतं. दुखलंच तर हात वर करा, डॉक्टर आणखी औषध देतात. दाढ वाचण्यासारखी आहे का, हेही आधी विचारा.

जाताना उपाशी जाऊ नका. चतुर्थीचा उपास असेल तर दुसरा दिवस धरा. साखर, बीपी, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाची ॲलर्जी, यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगाच. दिवस गेले असतील तर लाजून लपवू नका. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखं थुंकू नका. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचं झाकण. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी असह्य ठणका लागतो. म्हणून त्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही आणि मिश्री-तंबाखू तर बिलकूल नाही. दहीभात, गार झालेली पेज असं मऊ खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या करा.

रक्त थांबत नसेल, ताप आला, सूज वाढली, तोंड उघडेना, तर लगेच परत जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्रसुद्धा काढू नका.

आता पैसा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते आशाताईंना विचारून घ्या. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी उरतेच. त्यासाठी आम्ही ठराव केला, की बियाण्याला, लग्नाला अंतर्गत कर्ज देतो तसं दाढेलाही द्यायचं, आणि जिची दाढ काढायची तिच्यासोबत गटातली एक जण जाईल.

एक शेवटचं. मिश्री ही तंबाखूच आहे. तिनं दात बळकट होत नाहीत, हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवून या.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एवढंच विचारा: कुणाची दाढ दुखतेय का? आपणहून कुणी सांगत नाही, विचारलं तर सांगतात.