डंजन चालू आहे, म्हणजे नेमकं काय चालू आहे?



“जेवायला ये.” “थांब आई, डंजन चालू आहे.” “मग पॉज कर की.” “पॉज होत नाही गं!” एवढ्या चार वाक्यांवरून ज्या घरांत ताट आपटलं जातं, त्या घरांतल्या श्रोत्यांनी आम्हाला विचारलंय, की हे डंजन म्हणजे आहे तरी काय, आणि ते खरंच थांबवता येत नाही का? उत्तर असं, की काही वेळा येतं, काही वेळा नाही. ते कशावर ठरतं, हे कळण्यासाठी पातळ्या समजून घ्यायला हव्यात.

उदाहरण म्हणून आम्ही ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ घेतोय. २००४ साली अमेरिकेत आला, अजून चालू आहे, आणि पातळ्यांची ही पद्धत त्यात चांगली रुळलेली आहे. डंजन म्हणजे खेळातली एक बंदिस्त जागा. खाण, किल्ला, पडकं देऊळ, काहीही. आत पाच जणांनी मिळून जायचं. एक जण पुढे राहून शत्रूचे घाव अंगावर घेतो, त्याला टँक म्हणतात. एक जण सगळ्यांच्या जखमा भरतो, तो हीलर. उरलेले तिघे मारा करतात. वाटेत किरकोळ शत्रू, मग मोठे शत्रू, आणि शेवटी लूट. (हा शब्द आपलाच बरं का. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून नेला आणि आता खेळातून तो आपल्याकडे परत आलाय.)

हे पाच जण बहुतेक वेळा एकमेकांना ओळखतही नसतात. एक पुण्यात, एक पोलंडमध्ये, एक आणखी कुठे.

आता पातळ्या. सगळ्यात खालची नॉर्मल. शत्रू नरम, चुका चालतात, एखादा मेला तरी बाकीचे निभावून नेतात. तिच्या वर हिरोइक. ही २००७ साली खेळात आली. शत्रू तेच, पण त्यांचा घाव जबर आणि त्यांना मारायला वेळ जास्त. तिच्या वर मिथिक, २०१५ ची. घरच्या चौघांची आमटी खारट झाली तर पाणी घालून भागतं, पंगतीची झाली तर नाही. तसंच इथे. नॉर्मलवर जमिनीवरच्या आगीत उभं राहिलं तर हीलर सांभाळून घेतो. मिथिकवर तीच आग दोन क्षणांत संपवते.

पण पातळी म्हणजे फक्त आकडे वाढवणं, असं समजू नका. त्या खेळात ‘डेडमाइन्स’ नावाचं एक जुनं डंजन आहे. त्याची कथा आमच्या कार्यक्रमात शोभेल अशी आहे. गवंड्यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर पुन्हा उभारलं आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली. त्यांचा पुढारी एडविन व्हॅनक्लीफ बंड करून खाणीत लपला आणि खेळाडूंनी त्याला मारायचं, असा मूळ डाव. २०१० साली त्या डंजनची हिरोइक पातळी निघाली आणि तिच्या शेवटी उभी राहिली त्याची मुलगी, व्हनेसा. बापाचं मरण डोळ्यांनी पाहिलेली. नॉर्मल पातळीवर ती भेटतच नाही. मजुरीचं पुढे काय झालं, हे ज्यांना कळून घ्यायचं होतं, त्यांना वरच्या पातळीवर जावंच लागलं. आम्हाला विचाराल तर कठीणपणा असा असावा, काहीतरी नवं दाखवणारा.

नॉर्मल आणि हिरोइकसाठी संगणकच पाच जण जुळवून देतो. मध्येच कुणी उठलं तर त्याच्या जागी दुसरा पाठवतो. उठणाऱ्याला काही वेळ पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही, एवढीच शिक्षा. म्हणजे “नॉर्मल चालू आहे” असं उत्तर आलं, तर दहा मिनिटांत ये म्हणायला हरकत नाही. २०२४ च्या जानेवारीपासून तर सोबतचे चौघे संगणकाचेच घेऊन नॉर्मल डंजन एकट्याने खेळता येतं. तिथे कुणाचा खोळंबा होत नाही. ज्या मैत्रिणींना स्वतःला शिकायचंय, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. गॅस बारीक करून यायचं म्हटलं तरी चौघे बिचारे उभे असतात.

खरी मेख आहे ती मिथिक प्लसमध्ये. ही २०१६ ची. इथे एका खेळाडूकडे किल्ली असते आणि किल्लीवर आकडा असतो. तो दोनपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. जितका आकडा मोठा, तितके शत्रू कठीण, आणि वरून जादा अटी. किल्ली लावली की घड्याळ सुरू. बहुतेक डंजनांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. कुणी मेलं की त्यातले काही सेकंद कापले जातात. वेळेत संपलं तर किल्लीचा आकडा एक ते तीनने वाढतो, नाही संपलं तर सहसा एकाने उतरतो. आणि एकदा सुरू झालं की नवा माणूस आत येऊ शकत नाही. तुमची लेक मध्येच उठली तर उरलेल्या चौघांचा अर्धा तास वाया, आणि किल्ली ज्याची, त्याची बहुधा एक पायरीही गेली. हट्टापायी ती बसलेली नसते, चौघांना शब्द दिलेला असतो.

म्हणून “बंद कर” म्हणण्याआधी “कुठली पातळी?” आणि “किती वेळ उरलाय?” हे दोन प्रश्न विचारा. मिथिक प्लस असेल तर अर्धा तास द्या. पण मुलांनीही जेवणाची वेळ माहीत असताना पावणेनऊला किल्ली लावायची नाही. हा करार दोन्हीकडून पाळायचा.

रात्रीच्या जागरणाचंही कारण यातच आहे. आपल्याकडची बरीच मुलं युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. जर्मनीत संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा झालेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. गट तेव्हाच जमतात. शिवाय आठवड्याचं बक्षीस किती डंजनं पूर्ण केली त्यावर मिळतं, आणि युरोपात तो आठवडा बुधवारी सकाळी संपतो. तेव्हा मंगळवारी रात्री दिवा का जळतो, हे लक्षात येईल. बुधवारी परीक्षा असेल तर हे बोलणं शनिवारीच करून ठेवलेलं बरं.

शेवटी मुलींबद्दल. मिथिकसाठी संगणक गट जुळवत नाही, गटाचा म्होरक्या अर्ज पाहून निवडतो. पाहतो काय, तर आकडे. अंगावरचं चिलखत किती भारी आणि आधीच्या किल्ल्यांचे गुण किती. नवख्या मुलीकडे गुण नसतात म्हणून घेत नाहीत, आणि घेत नाहीत म्हणून गुण होत नाहीत. नोकरीच्या अनुभवाचं रडगाणं तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात हेडफोनवर बाईचा आवाज ऐकला की टोमणे मारणारेही भेटतात. बोलणं सक्तीचं नाही, बहुतेक डंजनं लिहून, खुणा करूनही पार पडतात. त्रास देणाऱ्याचा आवाज बंद करता येतो, तक्रारही करता येते.

आणि अर्ज नाकारले जात असतील तर दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं कारण नाही. साधं मिथिक एकदा पार केलं की स्वतःची किल्ली मिळते. किल्ली जिची, गट तिने जमवायचा, कुणाला घ्यायचं ते तिने ठरवायचं. दोनच्या आकड्यापासून सुरुवात करायची, हीलर आणि टँक आधी शोधायचे, कारण त्यांचा कायम तुटवडा असतो. मारा करणारे मग आपोआप येतात, रांग लावून.