विंचुर्णीचा ध्यास आणि दिवाडीची होडी

 

आज आम्ही शिडाच्या होडीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, इथं टँकरची वाट बघण्यात दिवस जातो आणि ह्यांना होडी सुचतेय! सांगलीकडच्या बायकांना तर होडी म्हटलं की २०१९ चा महापूर आठवतो आणि अंगावर काटा येतो. पण ही होडी वेगळी. ती वाऱ्यावर चालते. परदेशात लोक अशा होड्या हौसेनं बाळगतात, सुट्टीत फिरायला नेतात, शर्यती लावतात. आणि आपल्या देशातल्या अशा एका होडीची गोष्ट थेट फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीपर्यंत येते.

ती आजच का सांगायची? आमच्या पाच गटांनी मिळून दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा शाळेचे गणवेश शिवले. दीडशे जोड होते, त्यातले चाळीस परत आले. कुणाचा मुंढा घट्ट, कुणाची बाही आखूड. उसवून पुन्हा शिवण्यात मजुरी गेली, वर कापडाचे पैसे गटाच्या खात्यातून भरले. आता तीनशे जोडांचं काम आलंय. हो की नाही ते सोमवारी सांगायचंय. निम्म्या जणी म्हणतात, ते आपलं काम नव्हे.

आता होडीकडे येऊ. विंचुर्णीला व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी राहायचे. १९७१ च्या युद्धात लढलेले, वीरचक्र मिळालेले नौदलातले मोठे अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला होता. आपल्या माणसानं, आपल्या देशात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्यानं पृथ्वीला फेरी मारायची. तोपर्यंत एकाही भारतीयानं ते केलं नव्हतं. २००६ मध्ये नौदलानं हे मनावर घेतलं आणि दिलीप दोंदे नावाचे अधिकारी जायला तयार झाले.

पण होडी कुठं होती? ती बांधायचं काम गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यानं घेतलं. ते फायबरच्या होड्या बांधायचे. सगळं जग फिरून येईल अशी शिडाची होडी त्यांनी आधी बांधली नव्हती. म्हणून आराखडा त्यांनी मनानं काढला नाही. हॉलंडमधल्या व्हॅन दे स्टाट या जुन्या आरेखनकारांचा 'टोंगा ५६' हा आराखडा घेतला. लांबी ५६ फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या दीड गाडीएवढी.

बांधायची रीत ऐका. आधी सांगाडे उभे करायचे. त्यांवर लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या. मग आतून-बाहेरून फायबरग्लासचे थर द्यायचे. बुरडाकडची पाटी शेणानं सारवली की फटी बुजतात आणि पाटी टणक होते, तसंच काहीसं. अशा होडीच्या तळाखाली जड वजन असतं. बुडाशी वजन असलेली बाहुली कितीही ढकलली तरी उभी राहते ना, तशी होडी लाटेनं आडवी झाली तरी पुन्हा उठते. आणि वारा समोरून आला तर? सरळ जाता येत नाही. मग घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत, तिरकं तिरकं पुढं जायचं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. होडी बांधत असताना दोंदे स्वतः तिथं हजर राहायचे. ज्याला त्या होडीत जीव घालून समुद्रात जायचं, त्यालाच तिचा सांधा न् सांधा माहीत.

१२ फेब्रुवारी २००९ ला ही होडी नौदलात आली. ज्या नदीला खाली मांडवी म्हणतात तिचंच नाव तिला दिलं, 'म्हादई'. लगेच पृथ्वीफेरीला सोडली नाही. आधी मॉरिशसपर्यंत जाऊन पाहिलं. मग १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परत आले. पुढं २०१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादईतून कुठंही न थांबता एकट्यानं फेरी पुरी केली.

मग दुसरी होडी. तोच आराखडा, तोच कारखाना. मार्च २०१६ मध्ये काम सुरू झालं आणि १८ फेब्रुवारी २०१७ ला 'तारिणी' नौदलात दाखल झाली. ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून नाव ठेवलं. या होडीत सहाच्या सहा जणी बायका. वर्तिका जोशी प्रमुख. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता. त्या शिकल्या कशावर? त्याच जुन्या म्हादईवर.

१० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्यातून निघाल्या. वाटेत सुकाणू बिघडलं. त्या मॉरिशसच्या बंदरात वळल्या, दुरुस्ती केली आणि मग घरी आल्या. दोनशे चौपन्न दिवस, सुमारे ४०,००० किलोमीटर. २१ मे २०१८ ला पोचल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटीसाहेब विंचुर्णीतच वारले. तेवढं मात्र त्यांना बघायला मिळालं. पुढं दिलना आणि रूपा या दोघीच जणी तीच तारिणी घेऊन गेल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीफेरी करून आल्या.

मैत्रिणींनो, आम्ही गणवेशाचं काम पहिल्यांदाच करत होतो. तसं दिवाडीच्या कारखान्याचंही ते पहिलंच काम होतं. मग आमचं कुठं चुकलं? आम्ही मापाचे कागद अंदाजानं कापले. एकही सदरा पोराच्या अंगावर घालून पाहिला नाही, एकदम दीडशे कापले. मॉरिशसला न जाताच आम्ही पृथ्वीफेरीला निघालो होतो.

पण परत आलेल्या त्या चाळीस जोडांची वही आमच्याकडं आहे. कुठल्या इयत्तेचा मुंढा किती घट्ट, सगळं लिहिलंय. तीच आमची म्हादई म्हणायची. या खेपेला प्रत्येक मापाचा एकेक सदरा आधी शिवायचा, पोरांच्या अंगावर घालून बघायचा, ज्या बाईचं पोर त्या शाळेत आहे तिलाच तपासायला बसवायचं, आणि मगच पुढचं कापड कापायचं. थोडी उचल आधी मागायची. वेळ लागणार असेल तर तसं आधीच सांगायचं.

सोमवारच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडणार आहोत. ज्या बायका नाही म्हणतात, त्यांचं नुकसान झालंय, त्यांची भीती खोटी नाही. म्हणून त्यांच्या शंका आधी ऐकून घेऊ, वहीत लिहू, आणि मग हात वर करायला सांगू. काय ठरलं ते पुढच्या खेपेला सांगतोच. तुमच्याही गटात असं परत आलेलं एखादं काम असेल, तर त्याची वही फेकू नका.

रामराम, मैत्रिणींनो.