जातिवंत पिल्लू आणि त्याची आई



कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने कुत्र्यांवर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु जेथे एकाच्या कष्टावर दुसऱ्याचा नफा उभा राहतो, तेथे चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार आहे असे मी मानतो. जातिवंत पिल्लांच्या व्यापारात राबते ती पिल्लाची आई. तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

‘जातिवंत’ हा शब्द प्रथम नीट तपासून घेऊ. माणसांतल्या जातीप्रमाणेच कुत्र्याची जातही आभाळातून पडलेली नाही; कामाकडे पाहून माणसानेच ती घडविली. आपल्या जवळचे उदाहरण कारवान कुत्र्याचे. लातूर-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या कोरड्या माळावर सशामागे धावणारे हे लांब पायांचे, खोल छातीचे, सडपातळ जनावर. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास मन लावून केली, म्हणून त्याला मुधोळ हेही नाव मिळाले. 2005 साली आपल्या टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. माळावर जो धावेल त्याचीच वीण पुढे चालायची. दम नसलेल्याला कोणी विचारत नसे. म्हणून ही जात काटक राहिली.

याउलट पगची गोष्ट पाहा. 2003 साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग दिसला आणि शहरोशहरी त्याला मागणी आली. कुत्रा आपले अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. ज्याचे नाकच निवडून निवडून चपटे केले, त्याने पुण्याच्या वैशाखात धाप टाकावी तरी कशी? जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष वंशपरंपरेने उतरतो. आईबापांचे क्ष-किरण चित्र काढल्यावाचून पैदास केली, तर ऐन उमेदीत कुत्रा लंगडू लागतो. कागद दाखवून हे दोष झाकत नाहीत. केनेल क्लबचा दाखला वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही.

आता आईकडे वळू. आपल्या देशात बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1961 साली झाला, तोही मोठ्या झगड्यानंतर. कुत्रीला संघटना नाही, संप नाही. तरीही 2017 साली केंद्र सरकारने पैदाशीचे नियम केले. त्यांप्रमाणे पैदास करणाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याखेरीज तिची वीण घेता येत नाही. वर्षातून एकाहून अधिक वेत नाही, आणि सगळ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास मनाई आहे. नियम चांगले आहेत. परंतु कारखान्याचा कायदा फळ्यावर लिहून चालत नाही, तो पाळला जातो की नाही हे पाहणारा लागतो, हा आमचा जुना अनुभव. येथे तो पाहणारा म्हणजे गिऱ्हाईक; आपणच.

मग गिऱ्हाइकाने काय करावे? पिल्लू रस्त्यावर, मोटारीच्या डिकीतून किंवा दलालाच्या हातून घेऊ नये. जेथे ते जन्मले तेथे जावे आणि “आई दाखवा” असे स्वच्छ म्हणावे. आई गावाला पाठवली आहे, आजारी आहे, असे उत्तर आले तर उठून यावे. आई दिसली, तर ती माणसाला भिते का, तिच्या बरगड्या निघाल्या आहेत का, जागेला घाण येते का, हे पाहावे. नोंदणीचा दाखला, लसीची नोंद आणि पावती मागावी. पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू गोजिरे दिसते, म्हणून विकणारा घाई करतो. पण आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लस पुरी झालेली नसते, त्याच दिवसांत पार्व्हो गाठतो. रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. शिवाय किती जोराने चावावे याचा धडा पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. घरी आणताच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि महापालिकेचा परवाना काढावा.

चांगला पैदास करणारा आपल्यालाच उलट प्रश्न विचारतो: घर केवढे, दिवसा घरी कोण असते, फिरवणार कोण? त्याचा राग मानू नये. तो पिल्लाची काळजी वाहतो आहे. आणि हौस नुसती सोबतीची असेल, तर आपल्या गल्लीतले गावठी पिल्लूही तितकीच माया लावते. त्याला दाखला लागत नाही.

स्वस्त मालामागे कोणाची तरी मजुरी बुडालेली असते, हे आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. स्वस्त पिल्लामागे पिंजऱ्यातली एक आई असते. तिला बोलता येत नाही. पण आपण पैसे देण्यापूर्वी प्रश्न विचारू लागलो, तर तिच्या मालकाला उत्तर द्यावेच लागेल.