समुद्रतळाशी जाणारं यान कोण चालवतं?
(चोळपुरम् येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या पोरांना इंजिनिअर, सीए, बँक एवढंच ठाऊक. पण चेन्नईजवळ पळ्ळिकरणैला राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य ६०००’ तयार होत आहे. तीन माणसांना ६००० मीटर खोल नेणारं यान! २०२५च्या सुरुवातीला कट्टुपळ्ळी बंदरात त्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरात फ्रेंच ‘नॉतील’ यानातून राजू रमेश ४०२५ मीटर आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५००२ मीटर खोल जाऊन आले.

तिथे दाब किती? दर १० मीटरला एक वातावरण वाढतं. ६००० मीटरवर सहाशेपट! म्हणून माणसं बसतात तो गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. आतून व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर जाड. मूस-भट्टीत आयुष्य घालवलेल्या तुम्हाला पुढचं लगेच पटेल. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि ठिसूळ होतं. म्हणून इस्रोने या गोळ्याचं जोडकाम निर्वात पोकळीत, इलेक्ट्रॉन झोताने केलं. २०२३ साली ‘टायटॅनिक’ पाहायला निघालेलं ‘टायटन’ चिरडलं, पाच जण गेले. त्याचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं आणि कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून त्याने दर्जाचा दाखला घेतला नव्हता. धोका आहेच, पण कसोटीशिवाय सोनं कोण घेतो?

आता चालवणाऱ्याचं. नुसतं सुकाणू धरणं हे काम नव्हे. खाली मेकॅनिक बोलावता येत नाही. बॅटरी, झडपा, मोटरी, प्राणवायू, सगळं पायलटलाच कळावं लागतं. अमेरिकेच्या ‘आल्विन’ची पहिली महिला पायलट सिंडी व्हॅन डोव्हर. बाई मूळच्या जीवशास्त्रज्ञ. यंत्रं शिकून १९९० साली पायलट झाल्या. या कामाला सरळ रस्ता नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा जहाजबांधणीचं इंजिनिअरिंग करावं, अशा संस्थेत शिरावं, यंत्रावर हात काळे करावेत.

आपल्याच मंडळातली एक मुलगी बारावीला आहे. तिला हेच करायचं आहे. घरी म्हणतात, “पोरीच्या जातीला समुद्र कशाला?” दुकानातल्या भट्टीचा ब्लोअर बंद पडला तेव्हा तिने तो खोलून दुरुस्त केला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दादा, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून बोलतो. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरू द्या. स्थळं नंतर बघू.